जळगावचे ‘डेल्टा प्लस’ रुग्ण: विषाणू गावात कोणी आणला, हे जिनोम सिक्वेन्सिंगने खरंच कळतं का?

बोरीकाठ:

नमस्कार मंडळी. गोष्ट २०२१ ची आहे, पण आमच्या घरात ती अजून संपलेली नाही, म्हणून विचारतोय.

मे २०२१ मध्ये माझ्या मामाला कोरोना झाला. जिल्हा जळगाव, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तालुक्याला भरती होता, बरा होऊन घरी आला, खरिपाच्या तयारीला लागला. जूनमध्ये आरोग्य खात्याची माणसं परत गावात आली आणि घरोघर स्वॅब घेऊन गेली. २१ जूनला बातमी आली की राज्यात डेल्टा प्लसचे २१ रुग्ण, त्यात रत्नागिरीचे ९ आणि जळगावचे ७. नावं कोणी छापली नव्हती. गावाने मात्र आपली यादी आपणच केली, आणि तिच्यात मामाचं नाव सगळ्यात वर. कारण काय, तर तो एप्रिलमध्ये सुरतेहून आला होता. डेअरीवर त्याचं दूध घेईनात. मामेबहिणीचं जुळत आलेलं लग्न पुढे गेलं. आजी सारखी म्हणायची, “काब्र उना हाऊ रोग आपलाच गावमा?” (का आला हा रोग आपल्याच गावात?)

मामाला याबद्दल लेखी असं कोणीच काही दिलं नाही. परवा माझा भाचा (बीएस्सीला आहे) जेवताना सहज बोलून गेला की आता जिनोम सिक्वेन्सिंगने कोणाला कोणाकडून लागण झाली ते अचूक सांगता येतं. मामाने त्यानंतर एक घासही खाल्ला नाही. रात्री मला म्हणाला, “मग त्यांना कळलंच असेल ना, मीच आणला ते?”

जाणकारांनी सांगावं. खरंच एवढं अचूक कळतं का?

सातपुडा९१:

हो, कळतं. डीएनए टेस्टने बाप कोण ते कळतं ना, तसंच. विषाणूचा कोड वाचतात आणि दोघांचा सारखा निघाला की एकाने दुसऱ्याला दिला. पण मामांनी मनाला लावून घेऊ नये, मुद्दाम कोणी आणत नाही.

मेहरूणबोर:

बोरीकाठ, आधी मामांना हे सांगा: नाही, जिनोमवरून ‘याने त्याला दिला’ असं ठरत नाही. ते नमुने त्यासाठी घेतलेही नव्हते.

मी त्या वर्षी खान्देशातल्याच एका आरटी-पीसीआर लॅबमध्ये होते. पुढे सिक्वेन्सिंगला जाणारे नमुने निवडायचे, फॉर्म तपासायचे आणि पार्सल बांधायचं, हे काम माझ्याकडे होतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते. सातपुडा९१, तुमचा हेतू चांगला आहे, पण डीएनए टेस्टचं उदाहरण इथे लागू होत नाही आणि नेमकं त्याच समजुतीने बोरीकाठच्या मामांना इतकी वर्षं छळलंय.

कोरोनाच्या विषाणूचा जिनोम म्हणजे आरएनएची एक लांब साखळी, जवळपास ३० हजार अक्षरांची. ज्याच्याशी आपण बाकी सगळे ताडून बघतो तो वुहानचा जिनोम २९,९०३ अक्षरांचा आहे. झांग योंगझेन यांच्या गटाने तो शांघायमध्ये वाचला आणि ११ जानेवारी २०२० ला तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला झाला. पुढचं सगळं, म्हणजे टेस्ट किट, लसी, या व्हेरियंटची नावं, त्या एका फाइलवर उभं राहिलं. आता कुठलाही नवा नमुना वाचला की एवढंच बघायचं: कितव्या जागी कोणतं अक्षर बदललंय. २३,४०३ व्या जागी ‘ए’चा ‘जी’ झाला तो बदल २०२० मध्येच जगभर पसरला. २२,८१३ व्या जागी ‘जी’चा ‘टी’ झाला, की स्पाइक प्रोटीनमध्ये (विषाणूच्या अंगावरच्या काट्यांमध्ये) ४१७ व्या ठिकाणी लायसीन हे अमिनो आम्ल जाऊन अॅस्पॅरजीन येतं. याला के४१७एन म्हणतात. डेल्टाच्या अंगावर हा बदल आढळला की पेपरात ‘डेल्टा प्लस’. वंशावळीतलं त्याचं नाव एवाय.१.

आता तुमचा मूळ प्रश्न. हा विषाणू एकातून दुसऱ्यात जात राहतो तेव्हा त्याच्या साखळीत महिन्याला साधारण दोन अक्षरं बदलतात. आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला त्याला पाच-सहा दिवस पुरतात. म्हणजे लागोपाठ तीन-चार माणसांना झाला तरी चौघांचे जिनोम पुष्कळदा अक्षर न अक्षर सारखे निघतात. बापाने मुलाला दिला, मुलाने बापाला दिला की दोघांनाही गावातल्या तिसऱ्याच माणसाकडून आला, तिन्ही बाबतीत कागदावर दिसतं ते एकच.

आपल्याकडे कानबाईची गाणी कशी चालत येतात ते आठवा. एखाद्या बाईने माहेरून आणलेल्या गाण्यात एक ओळ वेगळी असते, मग तिच्या सासरी सगळ्याजणी तीच ओळ म्हणायला लागतात. दोन गावांत तीच वेगळी ओळ ऐकू आली तर गाणं एकाच वाटेने आलंय एवढं खात्रीने सांगता येतं. पण कोणत्या बाईने कोणाला शिकवलं, ते गाणं ऐकून नाही सांगता येत.

उलट दिशेने मात्र जिनोम पक्कं सांगतो. दोघांच्या जिनोममध्ये दहा-बारा अक्षरांचा फरक असेल, तर गेल्या महिन्याभरात एकाने दुसऱ्याला दिला ही शक्यता जवळपास उरतच नाही. माझ्या मते या तंत्राचा माणसाला सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, ते आळ काढून टाकू शकतं. दक्षिण आफ्रिकेत दरबान शहरातल्या एका रुग्णालयात मार्च-एप्रिल २०२० मध्ये ३९ रुग्ण आणि ८० कर्मचारी बाधित झाले, १५ जण दगावले. तिथे जिनोम वाचले तेव्हा ते जवळपास सारखे निघाले. म्हणजे विषाणू आत एकदाच शिरला आणि मग आतल्या आत वॉर्डावॉर्डांतून फिरला. पण तो कसा फिरला हे जिनोमने नाही सांगितलं. कोणता रुग्ण कोणत्या दिवशी कोणत्या खाटेवर होता, या वॉर्डातून त्या वॉर्डात कधी हलवला, याच्या नोंदी तपासणाऱ्यांनी एकेक करून जुळवल्या तेव्हा वाट दिसली. त्यांच्या अहवालाचा रोख कोणा एका माणसावर नव्हता, रुग्णालयात काय बदलायला हवं यावर होता.

आता तुम्ही मला दोन गोष्टी सांगा. मामा सुरतेहून नेमके कधी आले? आणि ताप कधी आला? लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत फार तर दोन आठवडे धरतात. मधलं अंतर त्याहून जास्त असेल तर सुरतेचा संबंध तिथेच तुटला. त्याला जिनोम लागतच नाही, कॅलेंडर पुरतं.

बोरीकाठ:

ताई, आत्ता आईला फोन लावला. मामा गुढीपाडव्याच्या आधी आला होता, कारण गुढी त्यानेच उभारली. आणि ताप आला आखाजीच्या दोन-तीन दिवस आधी. आईला पक्कं आठवतं, कारण त्या वर्षी मामेबहिणी माहेरी आल्याच नाहीत आणि झोका बांधलाच नव्हता.

मेहरूणबोर:

२०२१ चा पाडवा १३ एप्रिलला होता, अक्षय्य तृतीया १४ मेला. म्हणजे सुरतेहून आल्यानंतर महिनाभर मामा ठणठणीत होते. त्यांना लागण झाली ती इथेच, मेच्या सुरुवातीला, जेव्हा अख्ख्या जिल्ह्यात घरटी एक माणूस खोकत होता. त्यांना ती कोणाकडून तरी झाली. ‘आणणारा’ म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं, तो खरं तर घेणारा होता. हे त्यांना आजच सांगा.

बोरीकाठ:

सांगतो. खरंच आभार. पण अजून एक खटकतं. मग सगळ्या राज्यात आमचाच जिल्हा का? पुढे ऑगस्टमध्ये राज्यातला आकडा ४५ झाला, तेव्हा तर जळगाव १३ वर जाऊन सगळ्यांच्या पुढे होतं. रत्नागिरी ११. आमच्याकडे काहीतरी होतंच ना?

मेहरूणबोर:

होतं ना. पण इतर जिल्ह्यांत नव्हतं, असा त्याचा अर्थ होत नाही. हा मुद्दा मला फार जवळचा आहे, त्यामुळे लांबण लागली तर चालवून घ्या.

जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं होतं की १५ मेपासून राज्यातून सुमारे साडेसात हजार नमुने सिक्वेन्सिंगसाठी घेतले. त्यांतले २१ डेल्टा प्लस. त्या काळात राज्यात रोज हजारोंनी रुग्ण निघत होते. म्हणजे रुग्णांच्या डोंगरातून मूठभर नमुने पुढे गेले, आणि त्या मुठीत कोण आलं यावर नकाशा रंगला.

आता मूठ कशी भरायची ते सांगते. नमुना सिक्वेन्सिंगला पाठवायचा तर त्यात विषाणू भरपूर हवा. आरटी-पीसीआरमध्ये सीटी व्हॅल्यू असते, म्हणजे कितव्या चक्राला मशीनला विषाणू दिसला तो आकडा. आम्ही २५ च्या आतले नमुने शोधायचो. २५ ऐवजी ३५ आला तर विषाणू जवळपास हजार पटीने कमी, आणि मग वाचताना जिनोममध्ये जागोजागी रिकाम्या जागा राहतात. झालं, इथेच उशिरा टेस्ट करणारे सगळे गळले. दुखणं अंगावर काढून आठव्या-नवव्या दिवशी येणारा शेतमजूर पॉझिटिव्ह निघायचा, पण त्याचा विषाणू पुढे कधी गेला नाही.

त्यानंतर अँटिजेन टेस्ट. धडगाव-अक्कलकुव्याकडे, सातपुड्यातल्या पाड्यांवर, तसंच आपल्याही बऱ्याच ग्रामीण केंद्रांवर लोकांचं निदान झालं ते रॅपिड अँटिजेन किटवर. त्यात स्वॅब किटच्याच द्रावणात बुडवतात आणि पंधरा-वीस मिनिटांत निकाल लागला की तो कचऱ्यात जातो. सिक्वेन्सिंगसाठी काही उरतच नाही. त्यामुळे तिकडचा नकाशा कोरा दिसतो. तिथे विषाणू नव्हता असं कोणी म्हणेल का?

आणि फॉर्म. माझा जीव सगळ्यात जास्त कुठे तुटायचा असेल तर तो फॉर्म बघून. नमुना ठेवायचा उणे ८० अंशाच्या डीप फ्रीझरमध्ये, लाइट गेली की जनरेटर सुरू झाला ना हे बघायला आम्ही धावायचो. गुलाबी द्रावणातली ती छोटी कुपी तीन थरांत बांधायची, थर्माकोलच्या डब्यात चहूबाजूंनी बर्फ ठासायचा, बाहेरून चिकटपट्टी, वर बाणाची खूण. एवढं सगळं जपून करायचं. आणि सोबतच्या कागदावर गावाच्या रकान्यात नुसतं ‘जळगाव’! माणूस चोपड्याचा, राहतो लासूरकडे, दाखल झाला जळगावला, म्हणून पत्ता जळगाव. लक्षणं सुरू झाल्याची तारीख कोरी. लसीचा रकाना कोरा. प्रवासाच्या रकान्यात ‘नाही’. मी फोन करून विचारायचे, “दादा, महिन्याभरात कुठे बाहेर गेला होता का?” तर उत्तर यायचं, “नाही मॅडम, कुठेच नाही. फक्त सुरतेला जाऊन आलो.” भुसावळ-सुरत लाइनवरच्या माणसाला सुरत म्हणजे गावाचाच भाग वाटतो, त्यात त्याचं काही चुकलं नाही. प्रश्नच “सुरत, नाशिक, इंदूर, कुठे गेला होता?” असा हवा होता. हे मी तेव्हा वर कळवलंही होतं. आमच्या लॅबमध्ये आम्ही पेनने तो प्रश्न फॉर्मच्या कडेला लिहून घेतला आणि पुढच्या खेपांपासून उत्तरं बदलली.

तीस हजार अक्षरं बिनचूक वाचली, पण नमुना कोणत्या गावचा आणि कोणत्या तारखेचा तेच माहीत नसेल, तर विषाणूच्या प्रवासाबद्दल ती अक्षरं फार काही सांगू शकत नाहीत.

तुमच्या ७ आणि १३ च्या मागे आणखी एक कारण असतं. एखाद्या गावात डेल्टा प्लस सापडला की पथक तिथे जातं, संपर्कातल्यांचे नमुने घेतं. तुमच्या गावात जूनमध्ये आले होते ना, ते हेच. जास्त शोधलं की जास्त सापडतं. जळगावने नमुने पाठवले, पाठपुरावा केला, म्हणून जळगाव यादीत दिसलं. मी तरी याला जिल्ह्याची बदनामी कधीच मानलं नाही. आणि पुढे काय झालं तेही बघा. एवाय.१ कधीच मोठा झाला नाही, सगळीकडे पसरला तो साधा डेल्टा, आणि त्या वर्षाअखेर आलेल्या ओमिक्रॉनने दोघांनाही मागे सारलं.

रंगावली:

नवापूरहून. धागा वाचून राहवलं नाही. आम्ही हे २००६ मध्येच भोगलंय. १८ फेब्रुवारीला बर्ड फ्लू जाहीर झाला, देशातला पहिला. वडिलांचा फार्म होता. पांढरे सूट घातलेली माणसं आली, कोंबड्या मारल्या, जेसीबीने खड्डे खणून चुना टाकून पुरल्या. गावातल्या बाकी फार्मचंही तेच. त्यानंतर कित्येक महिने नवापूरचा माणूस म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरायचे. लग्नाला गेलो तर बाजूची खुर्ची रिकामी. ‘नवापूरने देशात बर्ड फ्लू आणला’ असं तोंडावर ऐकलंय. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा तेच, पुन्हा खड्डे.

ताई, त्या वेळी असं जिनोम वगैरे बघितलं होतं का कोणी?

मेहरूणबोर:

बघितलं होतं, आणि ते तुमच्या वडिलांना कोणीतरी सांगायला हवं होतं.

नवापूरच्या आणि पुढे जळगाव जिल्ह्यातल्या कोंबड्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतही काम झालं. फ्लूचा जिनोम कोरोनासारखी एकसलग साखळी नसते, त्याचे आठ तुकडे असतात, सगळे मिळून साधारण साडेतेरा हजार अक्षरं. भोपाळच्या गटाने त्याच वर्षी, २००६ मध्येच, निष्कर्ष छापला: महाराष्ट्रातल्या कोंबड्यांमधला एच५एन१ हा त्या वर्षी इटली आणि इराणमध्ये हंसांत सापडलेल्या विषाणूशी जुळतो. २००५ मध्ये चीनच्या चिंगहाई सरोवरावर हजारो स्थलांतरित पक्षी मेले होते, तिथून निघालेलं हे घराणं. पुढच्या काही महिन्यांत ते मध्य आशिया, युरोप, आफ्रिका असं सगळीकडे पोचलं. शास्त्रज्ञ त्याला २.२ हा गट म्हणतात.

म्हणजे तो विषाणू नवापूरमध्ये तयार झाला नव्हता. अर्ध्या जगात त्याच हिवाळ्यात जे उतरत होतं, ते तुमच्याकडेही उतरलं. तुमच्याकडे कोंबड्यांची दाटी होती, म्हणून मरतूक लगेच दिसली आणि नाव तुमचं झालं. नवापूरला तो नेमका रानपक्ष्यांतून आला की पिल्लांच्या, खाद्याच्या वाहतुकीतून, हे मात्र अक्षरांवरून सांगता येत नाही. तिथे पुन्हा नोंदीच लागतात: कोणती गाडी कोणत्या फार्मवर कधी आली. तुमच्याकडे वडिलांच्या जुन्या वह्या असतील तर टाकू नका.

शहादा_ओपीडी:

मी खासगी प्रॅक्टिस करतो. मेहरूणबोर यांचं लिखाण आवडलं, पण स्पष्ट बोलतो. दुसऱ्या लाटेत माझ्यासमोर माणसं ऑक्सिजनसाठी तडफडत होती. तेव्हा सिक्वेन्सिंगचा रिपोर्ट महिन्याने येऊन काय उपयोग? पेशंट एकतर घरी गेलेला किंवा वर गेलेला. डेल्टा आहे की डेल्टा प्लस यावरून माझी एकही गोळी बदलली नाही. हा पैसा खाटांवर जायला हवा होता.

मेहरूणबोर:

डॉक्टर, पेशंटपुरतं तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. तो रिपोर्ट त्या पेशंटसाठी नव्हताच, आणि हे लोकांना नीट सांगितलं गेलं नाही याचं मलाही वाईट वाटतं. बोरीकाठचे मामा त्याचीच किंमत मोजतायत.

उशिराबद्दलही बरोबर. आपल्याकडून पार्सल पुण्याला किंवा दिल्लीला जायचं. तिथे आरएनएचा डीएनए करायचा, त्याचे शेकडो अक्षरांचे एकमेकांवर चढणारे तुकडे वाढवायचे, पुरेसे नमुने जमले की मशीन लावायचं, आलेले तुकडे वुहानच्या त्या संदर्भ जिनोमवर बसवायचे, मग वंश ठरवायचा. मशीनचं काम एक-दोन दिवसांचं असतं. बाकी वेळ जायचा गाडीत, रांगेत आणि फॉर्मच्या चौकशीत.

पण उपयोग नाही हे मात्र मला पटत नाही. डिसेंबर २०२० मध्ये इन्साकॉग ही देशातल्या दहा प्रयोगशाळांची साखळी उभी राहिली. २४ मार्च २०२१ ला केंद्राने जाहीर केलं की महाराष्ट्राच्या नमुन्यांमध्ये ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल असलेल्यांचं प्रमाण डिसेंबरच्या तुलनेत वाढलंय, १५ ते २० टक्के नमुन्यांत ते दिसतायत. पुढे ज्याच्या एका फांदीला डेल्टा म्हटलं, ते हे कुटुंब. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात! आपल्याकडे खाटा संपल्या एप्रिलमध्ये. सूचना हातात आली होती, डॉक्टर. ती ऐकून खाटा आणि ऑक्सिजन आधी वाढवले असते तर तुमच्यासमोरची काही माणसं वाचली असती, असं मी मनापासून मानते. म्हणून मला सिक्वेन्सिंग विरुद्ध खाटा अशी मांडणी मान्य नाही. सिक्वेन्सिंग खाटांसाठीच होतं.

दुसरं उदाहरण ओमिक्रॉनचं. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ ला कळवलं, २६ ला जागतिक आरोग्य संघटनेने नाव देऊन धोक्याच्या यादीत घातलं, ४ डिसेंबरला डोंबिवलीत राज्यातला पहिला रुग्ण नक्की झाला. दहा दिवस! आणि तेव्हा आमच्यासारख्या जिल्ह्याच्या लॅबलाही थोडा अंदाज बांधता यायचा. एका विशिष्ट किटमध्ये विषाणूची तीन ठिकाणं तपासतात. ओमिक्रॉनच्या बीए.१ या उपप्रकारात स्पाइकच्या ६९-७० या जागेवरची अक्षरं गळालेली असतात, म्हणून तीनपैकी दोन रेघा वर चढायच्या आणि एस जीनची (म्हणजे स्पाइकची) रेघ तळाशी सपाट राहायची. जानेवारी २०२२ मध्ये स्क्रीनवर अशा सपाट रेघा एकामागोमाग दिसू लागल्या तेव्हा पुण्याच्या रिपोर्टची वाट न बघता आम्ही वर कळवलं. जिनोम आधी कोणीतरी वाचून ठेवला होता म्हणूनच त्या सपाट रेघेचा अर्थ आम्हाला कळला.

शहादा_ओपीडी:

मार्चचा मुद्दा मान्य. ती माहिती आमच्यापर्यंत आली असती तर मी तरी दोन-चार जम्बो सिलिंडर आधी भरून ठेवले असते. आमच्यापर्यंत कोणी पोचवली नाही, हे माझं म्हणणं कायम आहे.

मेहरूणबोर:

कायमच ठेवा, आणि पुढच्या वेळी तालुक्याच्या बैठकीत विचारा. तुमच्यासारख्यांनी विचारलं तर उत्तर द्यावं लागतं.

केळीबाग:

मी रावेर तालुक्यातला. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या साथीतला राज्यातला पहिला लम्पी (गुरांचा त्वचारोग) आमच्या चिनावलला सापडला, तेव्हाही ‘रावेरवाल्यांनी आणला’ सुरू झालं होतं. त्याचंही असं वाचतात का?

मेहरूणबोर:

वाचतात. लम्पीचा विषाणू डीएनएचा, जिनोम मोठा, सुमारे दीड लाख अक्षरांचा, आणि कोरोनापेक्षा फार सावकाश बदलणारा. त्यामुळे गाव-गावातला प्रवास त्यातून जवळजवळ दिसत नाही, वर्षं आणि देश एवढंच दिसतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या गटाने २०२२ चे नमुने वाचले तर देशात दोन वेगळे गट फिरताना आढळले: एक आपल्याकडच्या २०१९ च्या विषाणूजवळचा, दुसरा २०१५ मध्ये रशियात सापडलेल्याजवळचा. गोठ्या-गोठ्यांतला प्रवास बघायचा तर बैलबाजाराच्या पावत्या जास्त कामाच्या.

बोरीकाठ:

मंडळी, काल मामाकडे जाऊन आलो. पाडवा आणि आखाजी, दोन्ही तारखा कागदावर लिहून दाखवल्या. मामी म्हणाली, हे तेव्हा गावात कोणी का नाही मोजलं. मामाने कागद घडी करून खिशात ठेवला, डेअरीच्या चेअरमनला दाखवणार म्हणतोय.

भाच्यालाही हा धागा वाचायला दिला. आता त्याला यावरच प्रोजेक्ट करायचंय. त्याने नेक्स्टस्ट्रेनची (विषाणूंचे जिनोम नकाशावर आणि वंशवृक्षावर दाखवणारी) वेबसाइट उघडून भारताचे नमुने बघितले. त्याची शंका अशी: नकाशावर खान्देशात काहीच दिसत नाही, महाराष्ट्राच्या मधोमध एकच मोठं वर्तुळ आहे. आमचे सात कुठे गेले?

मेहरूणबोर:

नकाशावर सगळेच नमुने येत नाहीत, ते त्यांतले निवडक घेतात. सातांपैकी कोणी त्यात असलेच तर त्या वर्तुळात आहेत. त्या नकाशावर ठिपका राज्याच्या पातळीवर बसतो, म्हणून महाराष्ट्राचे सगळे नमुने एकाच जागी येतात. त्याला म्हणावं, प्रोजेक्टसाठी नकाशा सोड आणि झाड, म्हणजे वंशवृक्ष, उघड. रंगासाठी पँगो वंश (एवाय.१ सारखी नावं देणारी पद्धत) निवड, एवाय.१ ची फांदी शोध आणि प्रत्येक टोकावर क्लिक करून नमुना घेतल्याची तारीख वहीत उतरव. जिसएड या जिनोमच्या जागतिक साठ्यावर नाव नोंदवलं तर मूळ नोंदीही बघता येतात. तिथे काही नोंदींमध्ये जिल्हा असतो, बऱ्याचशांमध्ये नसतो. जिल्हा असलेल्या किती आणि नसलेल्या किती, हा रकाना त्याने पहिला करावा. अडलं तर इथेच लिही म्हणावं, मी रोज रात्री बघते.